कल्याणची आनंदीबाई आणि बाळंतपणाचे भय

वाचकहो, या पानावर एरवी तुम्ही करपा, खोडकिडा, गादीवाफा असले शब्द वाचता. आज विषय वेगळा घेतला आहे, पण तो शेतापासून फार दूरचा नाही. आपल्या भिवंडी तालुक्यात भाताची लावणी बायांच्या हातावर चालते. त्यांतल्या काही जणी सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चिखलात वाकून आवण लावत असतात. बांधावर उभे राहून खताची मात्रा सांगणाऱ्या माणसाच्याही कानावर त्यांचे बोलणे पडतेच. एखादी पहिलटकरीण असली की थोरल्या बाया कुणाचे बाळंतपण कसे अडले, कोण वाटेतच गेली, कुणाचे पोट फाडावे लागले हे सगळे तिच्या देखत सांगत बसतात. ती पोर गप्प होते. तिने भीती बोलून दाखवलीच तर उत्तर ठरलेले असते, की आम्ही नाही का बाळंत झालो?

ही भीती नवी नाही, आणि वेडेपणाची तर मुळीच नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या कल्याणातली एक मुलगी चौदाव्या वर्षी बाळंत झाली. बायका या प्रसंगी मुकाट्याने मरण का पत्करतात, याचे कारण तिने पुढे ओळखले आणि त्यावरचा इलाज शिकायला ती अमेरिकेला गेली. डॉ. आनंदीबाई जोशी. नाव तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत आपण सगळ्यांनीच ते पाठ केले, पण पहिली स्त्री डॉक्टर एवढ्यावरच थांबलो. ती डॉक्टर कशासाठी झाली हे मात्र मागे पडले. तेच आज सांगायचं आहे.

भिवंडीहून निघून कोनगाव ओलांडले, खाडीवरचा पूल पार केला की समोर दुर्गाडी किल्ला दिसतो आणि कल्याण लागते. या गावातल्या जोशी घराण्यात आनंदीबाई वाढल्या. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना, वडील गणपतराव. घराणे एके काळी जमीनदारांचे, पण यमुनेच्या वेळेपर्यंत परिस्थिती उतरलेली. कल्याणला १८५४ सालीच आगगाडी आली होती, टपाल कचेरीही होती. त्या कचेरीत गोपाळराव जोशी नावाचे कारकून बदलून आले. बिजवर, मुलीपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. लग्नाला त्यांची अट एकच होती, की मुलीला आपण शिकवणार. हुंड्याच्या अटी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत, ही मात्र जगावेगळी. १८७४ साली नऊ वर्षांच्या यमुनेचे लग्न झाले आणि ती आनंदी झाली.

गोपाळरावांचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी शिकवले हे खरे, आणि ते नसते तर ही गोष्टच घडली नसती हेही खरे. पण शिकवताना ते मारझोड करत. अंगावर वस्तू फेकत, सोडून जाण्याची धमकी देत. हे आनंदीबाईंनीच पुढे एका पत्रात त्यांना लिहिले आहे. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला तेव्हा ना माहेर होते ना आवाज. कायदाही तिच्या बाजूचा नव्हता. बायकोने दहा वर्षे ओलांडली की नवऱ्याला कायद्याची आडकाठी उरत नसे. ही मर्यादा बारापर्यंत गेली ती १८९१ साली, तीही केवढ्या गदारोळानंतर.

तेव्हा चौदाव्या वर्षी मूल होणे ही त्या काळात बातमी नव्हती. १८७८ साली आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. जाणत्या डॉक्टरची मदत हाताशी नव्हती. त्यानंतर त्यांना मूल झाले नाही.

आता त्या काळची बाळंतपणे कशी होत ते जरा सांगतो, म्हणजे भीती कशाची होती ते कळेल. बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सगळ्यांत अंधारी आणि कोंदट जागा. बाजेखाली शेगडी, धुरी, आणि सोयर म्हणून कुणी शिवायचे नाही. सुईण अनुभवी असे, पुष्कळदा हुशारही असे. सुईणींना नावे ठेवणे मला पटत नाही. पण जंतू नावाची गोष्ट तिलाच काय, मोठमोठ्या डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हती. नाळ कापायला घरात असेल ते हत्यार घेत. जखमेवर कुठे राख, कुठे शेण लावत. शेतकरी बंधूंनो, धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे तग धरून राहतात हे तुम्ही जाणता. पायात खिळा गेला की आपण धावत जाऊन इंजेक्शन घेतो ते त्यासाठीच. तेच शेण ओल्या नाळेवर गेले की चांगले दूध पिणारे बाळ आठवडाभरात जबडा आवळून धरी, धनुकलीसारखे वाकडे होई आणि जाई. लोक सटवाईला बोल लावत. तान्ह्या बाळांचा हा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडावे लागले.

आणि बाई अडली तर? चौदा वर्षांच्या मुलीची कंबर अजून पुरती भरलेली नसते. मूल मोठे आणि वाट अरुंद. दोन-दोन दिवस कळा चालत. पुरुष डॉक्टर शहरात असलाच तरी त्याला आत कोण बोलावणार? बाईच नको म्हणे. गेली तर गेली. गेल्यावरही तिची सुटका नव्हती. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, अळवंत होते म्हणून गाव तिलाच भिई. हे सगळे ऐकत वाढलेल्या मुलीने बाळंतपणाला भिऊ नये, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे?

बरं, हे आपल्याकडेच होते असेही नाही. युरोपात व्हिएन्ना शहराच्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात ताप येऊन मरणाऱ्या बायका कितीतरी जास्त. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या हातापाया पडत. काही जणी तर तिथे जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत होणे पत्करत. डॉक्टर म्हणत, या घाबरट आहेत. शेवटी १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोधून काढले, की मुडदे चिरलेल्या हातांनीच विद्यार्थी बाळंतिणींना तपासतात आणि तेच विष आत जाते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने खाली आले. म्हणजे बायकांची भीती खरी निघाली आणि शहाण्यांचे शास्त्र खोटे! सेमेलवाइसला मात्र लोकांनी वेड्यात काढले. तो वेड्यांच्या इस्पितळात वारला ते साल १८६५, आपल्या यमुनेच्या जन्माचे.

पुन्हा आनंदीबाईंकडे वळू. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. कोल्हापुरात असताना बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मिळावी म्हणून त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ख्रिस्ती व्हा मग पाहू, असा उत्तराचा सूर. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मासिकात छापला गेला. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी सहज चाळला, आणि न पाहिलेल्या मुलीला पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. देवाला जोडायचे असले की कसे जोडतो बघा!

कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. वय अठराला महिना कमी. लोकांत उठलेल्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. अमेरिकेलाच का, इथे सोय नाही का, एकटीच का, जातीबाहेर टाकतील त्याचे काय? इथे सुईणकामाचे वर्ग निघाले आहेत, पण शिक्षण अपुरे आहे आणि शिकवणारे मनाने मागासलेले, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पुस्तके घेऊन रस्त्याने जाताना लोक जमतात, हसतात, खडे मारतात हेही सांगितले. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. आणि मुख्य कारण सांगितले ते हे, की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे आणि ते काम अंगावर घ्यायला आपण पुढे येत आहोत.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तीही नवऱ्याशिवाय. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा कार्पेंटरबाई धक्क्यावर न्यायला आल्या होत्या. काही महिन्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. प्रवेशासाठी केलेल्या अर्जात त्यांनी जे मांडले आहे ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. त्याचा आशय असा, की माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण बरे समजतात, आणि त्यांना खरी वैद्यकीय मदत द्यावी म्हणून मला शिकायचे आहे.

नीट विचार करा. बायकांनी धीट व्हावे, असे आनंदीबाई म्हणत नाहीत. बायकांची लाज काढून टाका, असेही म्हणत नाहीत. जिच्यापुढे संकोच वाटणार नाही अशी जाणती बाई उशाशी असेल, तर बाई वेळेत बोलेल आणि वेळेत बोलली तर वाचेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. तो माणूस नव्हता म्हणून त्या स्वतः तो माणूस व्हायला निघाल्या.

शिक्षण तीन वर्षांचे. खोली थंड, शेकोटी धूर ओकणारी. जेवण शाकाहारीच आणि अंगावर साडीच. फिलाडेल्फियाची थंडी अशी, की नऊवारी सोडून अंग जास्त झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्यांनी नेसायला घेतली. प्रकृती पहिल्यापासून तोळामासा, त्यात क्षयाने गाठले. १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात जपानची केई ओकामी आणि सिरियाची साबात इस्लामबुली या सहाध्यायिनींबरोबर आनंदीबाई आपल्या देशी वेशात बसल्या आहेत. तिघी तीन देशांच्या, तिघी एकाच कामाला आलेल्या.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या, गोपाळरावही पोहोचले होते. कॉलेजने ही बातमी खुद्द व्हिक्टोरिया राणीला कळवली. प्रबंधाचा विषय काय होता माहीत आहे? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत जाऊन नवे शिकलेल्या मुलीने जुने संस्कृत ग्रंथही उघडले. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने प्रबंधासाठी बाळंतपणच निवडावे, यावर आणखी बोलायची गरज नाही.

त्या जुन्या ग्रंथांत काय आहे, तर सुश्रुतसंहितेत बाळंतिणीजवळ कोण असावे ते सांगितले आहे. चार बायका, पोक्त वयाच्या, बाळंतपणात वाकबगार, नखे कापलेल्या, आणि जिच्यासाठी त्या आल्या तिला ज्यांच्याबद्दल शंका-संकोच वाटणार नाही अशा. नखे कापलेल्या आणि विश्वासाच्या! दोन हजार वर्षांपूर्वीची आपलीच शिकवण आपण कुठे हरवली कोण जाणे. आता जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तेच सांगितले, की कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचे माणूस सतत असावे. त्याआधी २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानेही सरकारी दवाखान्यांतल्या बाळंतखोलीत सोबतीण ठेवायला मान्यता दिली. जवळ धीर देणारे माणूस असले की कळांचा काळ थोडा आखडतो आणि ऑपरेशनची वेळ कमी येते, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्या गावांतल्या किती घरांना हे माहीत आहे? माझ्या फिरतीत तरी फार थोड्यांना.

भगिनींनो, आता तुमच्याशी बोलतो. बाळंतपणाच्या अति भीतीला डॉक्टरी भाषेत टोकोफोबिया असे नाव आहे. ब्रिटनमधल्या दोन मानसोपचार तज्ज्ञांनी २००० साली त्यावर लिहिले आणि ते रूढ झाले. कधीच बाळंत न झालेलीला ती भीती असू शकते, आणि आधीचे बाळंतपण वाईट गेले किंवा मूल दगावले तिला जास्तच. झोप उडते, जेवण जात नाही, दवाखान्याचे नाव काढले की छाती धडधडते. हे नाटक नाही. नोंदणीच्या वेळी नर्सताईला किंवा आशाताईला जसे पाय सुजल्याचे सांगता, तसेच हेही सांगा. नवव्या महिन्याआधी एकदा जाऊन बाळंतखोली डोळ्यांनी बघून या. सोबत कोण येणार ते आधी ठरवा, आणि ते सासूने नव्हे, जिचे बाळंतपण तिने ठरवायचे. आकडेही तुमच्या बाजूचे आहेत. २०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. ३३ घरे उजाड झाली हे खरेच, पण आजीच्या गोष्टीतले जग आता राहिलेले नाही. मात्र पाड्यावरून झोळीत घालून आणावे लागणाऱ्या बाईला हे सांगताना माझीही जीभ अडखळते. आपल्याच तालुक्यातल्या अशा बातम्या आपण अलीकडेही वाचल्या आहेत. रस्ता नसलेल्या पाड्यावरची गरोदर बाई दिवस भरण्याच्या आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे आणून ठेवायला हवी.

आणि पुरुष मंडळींनो, रागावू नका. म्हैस व्यायली आणि वार पडली नाही तर तुम्ही मध्यरात्री जनावरांच्या डॉक्टरांना उठवता. उठवायलाच हवे, दुभते जनावर आहे. घरच्या बाईला आठव्या महिन्यात डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, अंगावर पाणी किंवा रक्त गेले, तर सकाळी बघू म्हणता. १०८ क्रमांक फुकट लागतो, रात्रीही. लग्नाचे अठरा वर्षांचे वयही पाळा, पंधरा-सोळाव्या वर्षी पोरीला लावून देणे आपल्या भागात अजून संपलेले नाही.

तर पदवी घेऊन आनंदीबाई १६ नोव्हेंबर १८८६ रोजी मुंबईला उतरल्या. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आधीच पत्र पाठवून अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातला स्त्रियांचा विभाग त्यांच्या स्वाधीन करायचे ठरवले होते. जागा मिळाली होती, विद्या मिळाली होती. अंगात ताकद उरली नव्हती. पुण्यात औषधोपचार झाले, गुण आला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती. ज्या बायकांसाठी एवढा खटाटोप केला त्यांतल्या एकीचेही बाळंतपण कोल्हापूरच्या त्या विभागात त्यांच्या हातून झाले नाही.

त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली आहे, आणि वर दगडही आहे. १८८८ साली अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचे चरित्र लिहिले आणि इकडे काशीबाई कानिटकरांनीही लिहिले. काशीबाईंचे चरित्र आपल्या वाचनालयात मिळाले तर जरूर वाचा.

कोल्हापूरचे ते रुग्णालय अजून आहे, आज लोक त्याला सीपीआर म्हणून ओळखतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे डॉ. कृष्णाबाई केळवकर रुजू झाल्या. त्या लहान होत्या तेव्हा आनंदीबाई गेल्या. मुंबईत शिकून पुढे आयर्लंडच्या डब्लिनमधल्या बाळंतपणाच्या इस्पितळात त्यांनी शिक्षण घेतले होते, आणि कोल्हापुरात त्यांनी बायकांची बाळंतपणे केली.